संवत २०४२ चा जेठ

"म्हणजे तू दिवसभर नेमकं करतेस तरी काय?" शिकागोजवळच्या शॉमबर्गला गणपतीच्या जेवणात एका काकूंनी मला विचारलं. भारतातून आलेल्या कागदांचं वकिलांसाठी आणि कोर्टासाठी इंग्रजी करते, असं मी सांगितलं. "अगं, दोन्ही भाषा येत असल्या की झालं. त्यात काम ते काय?" असं म्हणून काकूंनी मला वरण वाढलं.

काकूंवर मी रागावले नाही. पहिली दोन वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

मी मूळची सेलूची. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. इतिहास घेऊन बी.ए. झाले, लग्न झालं आणि यजमानांच्या नोकरीमागे अमेरिकेत आले. ज्यांनी मला शब्दकोश कसा पाहायचा हे शिकवलं त्या गुरुजींची मला रोज आठवण व्हायची, कारण माझं पोट त्याच विद्येवर होतं. घराच्या तळघरात एक टाइपरायटर, चार शब्दकोश आणि एक पंचांग, एवढंच माझं ऑफिस. जन्माचे दाखले, लग्नाची पत्रं, शाळा सोडल्याचे दाखले असले कागद पोस्टाने यायचे. मी ते इंग्रजीत करायचे आणि खाली एक ठरलेलं वाक्य टाइप करून सही करायचे: 'मला या दोन्ही भाषा उत्तम येतात आणि हे भाषांतर खरं व पूर्ण आहे.'

या कामाचा नियम सोपा आहे. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि कागदावरचं काही गाळायचं नाही. शिक्का पुसट असेल तर 'पुसट शिक्का' असंच लिहायचं. मूळ कागदात चूक असेल तर तीही जशीच्या तशी ठेवायची. एकदा एकाच गावच्या पाच भावंडांचे दाखले आले. पाचही जणांची जन्मतारीख एक जून. इमिग्रेशनच्या साहेबाने फोन करून विचारलं, "बाई, तुमच्याकडे बाकीचे महिने बंद असतात का?" मी त्याला समजावलं, की आमच्याकडे आई-बापांना तारीख आठवली नाही तर गुरुजी शाळेत नाव घालताना एक जून लिहून मोकळे होतात. साहेब खूप हसला. त्याने अर्ज मंजूर केला. फोन ठेवल्यावर मला वाटलं, दोन देशांच्या मधोमध बसून आपण एक दार उघडून धरलं आहे. थोडा गर्वच झाला म्हणा ना.

तो गर्व नडला ढुंगेल सरांच्या वेळी.

१९८७ च्या जानेवारीत मार्गरेट नावाच्या वकीलबाईंचा फोन आला. त्या निर्वासितांचे खटले चालवायच्या. कामाचा डोंगर कायम पुढ्यात, आणि पैसे मिळाले तर मिळाले. "माझ्याकडे नेपाळचा एक माणूस आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा एक कागद आहे. अक्षरं तुमच्या मराठीसारखीच दिसतात. कराल?"

"करीन," मी म्हणाले. विचार करायला एक क्षणही घेतला नाही.

ढुंगेल सर पन्नाशीचे होते. सडपातळ, डोक्यावर रंगीत विणीची टोपी, आणि बोलण्याआधी हात जोडायची सवय. गोरखा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात ते इतिहास शिकवायचे. शिकागोत भाच्याकडे राहत होते. बायको आणि मुलगी मागे नेपाळातच. मी त्यांना गाडीने स्टेशनवरून घरी आणायचे आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला ते 'बहिनी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण.

त्यांच्या खटल्याचा सगळा भार एका वीतभर कागदावर होता. त्याला नेपाळीत 'थुनुवा पुर्जी' म्हणतात. माणसाला कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या दिवशी कोंडलं, हे सांगणारी पोलिसांची चिठ्ठी. सरांच्या बायकोने ती एका शिवलेल्या उशीत घालून पाठवली होती. राजाच्या पोलिसांनी आपल्याला खरंच पकडलं होतं, याचा सरांकडे एवढाच लेखी पुरावा. तो कोर्टाने मानला तर अमेरिकेत आश्रय. नाही मानला तर परत पाठवणी, आणि काठमांडूच्या विमानतळावर उतरल्यावर पुढे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"पण सर, तुम्ही केलंत काय?" मी विचारलं.

"वर्गात शिकवलं," ते म्हणाले. "आणि मग रस्त्यावर बसलो."

मग त्यांनी मला शिकवलं. मी इतिहासाची पदवीधर, पण शेजारच्या देशाच्या राजांबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. सर चहाचा कप बाजूला सरकवायचे आणि टेबलावर बोटाने नकाशा काढायचे. इथे गोरखा. इथल्याच एका शहा राजाने अठराव्या शतकात काठमांडूचं खोरं जिंकलं. "आमच्या डोंगरावरून राजा खाली उतरला तो परत वर आलाच नाही." पुढे राणा घराण्याने सत्ता बळकावली. एकशे चार वर्षं पंतप्रधान त्यांच्याच घरातला, आणि राजा आपल्याच राजवाड्यात बंदिवान. १९५० साली राजा सहलीच्या बहाण्याने मोटारीतून निघाला आणि थेट भारताच्या वकिलातीत शिरला. दिल्लीहून परतला तेव्हा राणांचं राज्य संपत आलं होतं. १९५९ साली पहिली निवडणूक झाली. सर तेव्हा तरुण होते. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्या राजाच्या मुलाने, म्हणजे नव्या राजाने, निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, पंतप्रधानाला तुरुंगात टाकलं आणि पक्षांवर बंदी घातली.

"बघा बहिनी," सर म्हणाले, "आमच्या राजांना मोकळं व्हायला शंभर वर्षं लागली. आणि मोकळे झाल्यावर दहा वर्षांत त्यांनी आम्हाला कोंडलं."

सरांनी वर्गात ती १९५९ ची निवडणूक शिकवली होती. पाठ्यपुस्तकात तिचा जेमतेम उल्लेख होता. मग १९८५ च्या मे महिन्यात, बंदी असलेल्या पक्षाने सत्याग्रह पुकारला तेव्हा, सर शाळेतून सरळ जाऊन रस्त्यात बसले. आठ दिवसांनी पोलीस घरी आले. सात महिने तुरुंगात काढून सुटल्यावर, पुन्हा धरायच्या आत, ते भारतमार्गे इकडे निघाले आणि १९८६ च्या फेब्रुवारीत शिकागोला पोचले.

चिठ्ठीवर तारीख होती: 'संवत २०४२ साल, जेठ १८ गते'. जेठ म्हणजे आपला ज्येष्ठ.

आता इथे वाचकांना माझं डोकं कसं चाललं ते सांगायला हवं, कारण माझ्याजागी तुम्ही असता तर तुमचंही असंच चाललं असतं. आपण मराठी माणसं शकावर जगतो, पण विक्रम संवत आपल्याला अनोळखी नाही. आपल्या कॅलेंडरवर दिवाळीच्या पाडव्याच्या चौकटीत छापलेलं असतं, 'विक्रम संवत प्रारंभ'. मी पंचांग काढलं. संवत २०४२ सुरू झालं १९८५ च्या दिवाळीत. म्हणजे त्या संवतातला जेठ येणार १९८६ च्या उन्हाळ्यात. हिशोब चोख. मी टाइप केलं: जून १९८६.

एक गोष्ट मात्र खटकली होती. तिथी पंधरापर्यंतच असतात, मग ही अठरा कुठून आली? मी क्षणभर थांबले. मग 'त्यांची मोजायची काहीतरी पद्धत असेल' असं म्हणून पुढे गेले. ती अठरा मला हाताला धरून थांबवत होती, आणि मी हात सोडवून घेतला. टाइप केलेला कागद सरांना वाचून दाखवायचंही सुचलं नाही. खाली ठरलेलं वाक्य टाइप केलं, 'मला या दोन्ही भाषा उत्तम येतात', आणि सही केली.

एप्रिलच्या मध्यावर सर एका डब्यातून सेलरोटी घेऊन आले. तांदळाच्या पिठाची, तळलेली, बांगडीसारखी गोल. "आज नवीन वर्ष लागलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "आमचा गुढीपाडवा तर कधीच झाला!" दोघंही हसलो. मी तीन सेलरोट्या खाल्ल्या. कागद तेव्हा आठवला नाही.

सुनावणी मे महिन्यात होती. सरांना सोबत म्हणून मी गेले आणि मागच्या बाकावर बसले. सरकारी वकील उंच, शांत आवाजाचा माणूस होता. त्याने चिठ्ठीचं भाषांतर हातात घेतलं.

"महाराज," तो न्यायाधीशांना म्हणाला, "अर्जदार म्हणतात, त्यांना १९८५ साली अटक झाली. त्यांनीच दिलेला कागद म्हणतो, जून १९८६. पासपोर्टवरचा शिक्का सांगतो, हे गृहस्थ फेब्रुवारी १९८६ पासून शिकागोत आहेत. नेपाळचे पोलीस त्यांना पकडायला शिकागोला आले असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर हा कागद बनावट आहे."

मार्गरेटबाई भराभर कागद उलटू लागल्या. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एखादा अवघड शब्द अडला की माझ्याकडे पाहायचे, तसंच त्यांनी पाहिलं.

न्यायाधीशांनी पाच आठवडे दिले. तोवर समाधानकारक उत्तर आलं नाही तर कागद खोटा धरून निकाल देऊ, असं स्पष्ट सांगितलं.

बाहेरच्या व्हरांड्यात सर म्हणाले, "बहिनी, तुम्ही काय लिहिलंत?"

मी दाखवलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. "जेठ बेचाळीस म्हणजे तर पंच्याऐंशी."

"असं कसं सर? संवत दिवाळीत बदलतं ना?"

"दिवाळीत?" ते चकित झाले. "आमचं वैशाखात बदलतं. नवीन वर्षाची सेलरोटी तुम्हाला आणून दिली नव्हती का?"

मी तिथल्या बाकावर बसले.  नेपाळचा महिना सूर्यावर चालतो. त्याला तिथी नसते, 'गते' म्हणजे सरळ तारीख, म्हणून अठरा. आणि वर्ष सुरू होतं एप्रिलच्या मध्यावर. जेठ अठरा, २०४२, म्हणजे ३१ मे १९८५. सरांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं तेच.

मार्गरेटबाई म्हणाल्या, "ठीक आहे, टायपिंगची चूक म्हणू. पाचच्या जागी सहा पडला. होतं असं."

ते सोपं होतं. कोणी मला काही विचारलं नसतं. माझी सही, माझी कामं, सगळं शाबूत राहिलं असतं.

मला माझे वडील आठवले. शाळेतली घंटा त्यांच्या हातात असायची. एकदा त्यांनी शेवटची घंटा तासभर आधी दिली आणि सगळी शाळा घरी गेली. मुख्याध्यापक त्या दिवशी गावाला गेलेले. घड्याळ बंद पडलं होतं असं म्हटलं असतं तर कोणी तपासलं नसतं. दुसऱ्या दिवशी वडील आपणहून मुख्याध्यापकांकडे गेले, मग एकेका वर्गात. मी तेव्हा सहावीत. आमच्या वर्गाच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "पोरांनो, काल घंटा माझ्याकडून चुकली. घड्याळ बरोबर होतं." मला त्या वेळी लाजेने मेल्यासारखं झालं होतं.

"टायपिंगची चूक नाही," मी मार्गरेटबाईंना म्हणाले. "पाचच्या जागी सहा पडला म्हणाल, तर मेचा जून कसा झाला विचारतील. आणि ते खोटंही आहे. कॅलेंडर मला कळलं नाही. मी कोर्टात तसं सांगते."

"तुम्हाला नेपाळी येत नाही असंही सांगावं लागेल."

"हो."

"तुमची कामं जातील."

"सरांचा आश्रय जाईल त्यापेक्षा बरं," मी म्हणाले. बोलून गेले खरी, पण घरी गाडी चालवताना कोणकोणती कामं जातील ते मनात मोजत राहिले.

माझ्या कबुलीने काम भागणार नव्हतं. सरकारी वकील म्हणाला असता, आता सोयीचं कॅलेंडर शोधून काढलं. नेपाळचं वर्ष वैशाखात बदलतं, हे आमच्या तिघांच्या बाहेरच्या कोणीतरी सांगायला हवं होतं. यजमान म्हणाले, "ज्याची तारीख दोन्ही देशांत छापून आली असेल, अशी एखादी घटना शोध. पण ती वैशाख ते आश्विनातली हवी, नाहीतर दोन्ही पद्धतींनी उत्तर एकच येईल." इंजिनिअर माणूस. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मी सरांना फोन केला. "सर, वैशाखात तुमच्याकडे असं काय घडलं की अमेरिकेच्या पेपरातही आलं?"

सर स्वतःशीच 'वैशाख, वैशाख' असं पुटपुटले. मग सर हसायलाच लागले.

"जनमत!" ते म्हणाले. "राजाचं जनमत, बहिनी!"

१९७९ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा राजाने जाहीर केलं होतं, की पक्ष हवेत की पक्षांशिवायची पंचायत, म्हणजे राजाच्या हाताखालचा कारभार, हे लोकांनीच मत देऊन ठरवावं. पक्षांसाठी निळा कागद, पंचायतीसाठी पिवळा. पुढच्या वर्षी मतदान झालं. निळा थोडक्यात हरला. राजा राहिला, पंचायत राहिली, बंदी राहिली. सर त्या दिवशी घरी जाऊन जेवले नव्हते म्हणे.

शहरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात दक्षिण आशियाचा विभाग होता. तिथे मी चार दिवस बसले. नेपाळची पत्रकं एका खोक्यात सुटी पडलेली होती. चौथ्या दिवशी मतदानाची सरकारी सूचना सापडली, संवत २०३७, वैशाख २० गते. मग खाली जाऊन अमेरिकन वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांची फिल्म वाचायच्या यंत्रात घातली आणि चाक फिरवत मे १९८० वर आले. एका कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती: नेपाळात दोन मे रोजी मतदान.

मी दिवाळीचा हिशोब लावून पाहिला. माझ्या हिशोबाने ते मतदान मे १९८१ मध्ये होत होतं, म्हणजे छापून आल्यानंतर एक वर्षाने! मी त्या शांत खोलीत एकटीच हसले. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

चिठ्ठीचं नवं भाषांतर मी केलं नाही. ते विद्यापीठातल्या एका नेपाळी विद्यार्थिनीने केलं आणि सही तिनेच केली.

दुसऱ्या सुनावणीत मला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवलं. सरकारी वकिलाने माझं ते ठरलेलं वाक्य मोठ्याने वाचलं.

"ही तुमची सही?"

"हो."

"तुम्हाला नेपाळी उत्तम येतं?"

"नाही. वाचता येतं. सही करण्याइतकं येत नाही."

"मग सही का केलीत?"

"अक्षरं माझ्या ओळखीची होती," मी म्हणाले, "म्हणून मला वाटलं, सगळंच माझ्या ओळखीचं आहे."

तो खाली बसला. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, नेपाळी सूचना आणि आमचं वर्तमानपत्र. बोटांवर मोजल्यासारखं केलं. मग सरांना विचारलं, "या मतदानात तुम्ही होता?"

"होतो, साहेब. निळा कागद."

"जिंकलात?"

"हरलो," सर म्हणाले. "सात वर्षं वाटत होतं, ते मत फुकट गेलं. आज पहिल्यांदा उपयोगी पडतंय."

न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांचं पेन थांबलं. सरकारी वकील उठून म्हणाला, कागदाबद्दल आता आमची हरकत नाही. निकाल त्याच दुपारी तोंडी दिला. कायद्याचं ते लांबलचक इंग्रजी मला नीट कळलंच नाही. मार्गरेटबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की त्यावरून कळलं.  सर हात जोडून उभे होते आणि त्यांची टोपी कलली होती.

माझी काही कामं खरंच गेली. दोन वकिलांनी फोन करणं बंद केलं. मार्गरेटबाई मात्र मराठी आणि हिंदीचे कागद पाठवत राहिल्या. मी जुन्या सगळ्या नकला काढून संवताच्या तारखा पुन्हा तपासल्या. गुजरातचे कागद बरोबर निघाले, कारण तिथे दिवाळीचाच हिशोब चालतो. राजस्थानात संवत चैत्रात बदलतं; तिथल्या एका लग्नपत्रिकेत वर्ष चुकलं होतं. मी त्या जोडप्याला शोधून दुरुस्ती पाठवली. नवऱ्याचं उत्तर आलं, "लग्न एक वर्षाने जास्त जुनं निघालं म्हणून बायको खूश आहे." एवढ्यावर निभावलं. त्यानंतर मी त्या ठरलेल्या वाक्याखाली सही करण्यापूर्वी ते प्रत्येक वेळी वाचत आले, आणि निवृत्त होईपर्यंत तीन वेळा कागद परत पाठवला: 'ही भाषा मला येत नाही.' माझ्या कामातला हा सगळ्यात चांगला भाग, असं मला वाटतं. त्यावर माझी सही नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टातून बाहेर पडल्यावर सरांनी खिशातून निळं हवाई पत्र काढलं. तिथल्याच बाकावर बसून बायकोला चार ओळी लिहिल्या. वर तारीख घातली, संवत २०४४, असार, म्हणजे आपला आषाढ. मग पेन माझ्या हातात दिलं.

"शेजारी इंग्रजी तारीख घाला, बहिनी. मुलगी इंग्रजी शाळेत जाते, तिला तीच कळते."

"मी घालू, सर? माझ्यावर विश्वास आहे अजून?"

"आता तर जास्त," ते म्हणाले. "आता तुम्ही मोजाल."

मी मोजलं. वैशाखापासून बोटांवर, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. सर शेजारी बसून आवाज न करता, नुसते ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होते. मी लिहिलं, जून १९८७. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि पत्राची घडी घालून कड जिभेने चिकटवली.

"बरोबर," ते म्हणाले. "आता पोस्टाची पेटी दाखवा."